पकड कशाच्या जोरावर?

लढाऊ रोबोंच्या आखाड्यात सध्या राज्य आहे ते फिरत्या शस्त्रांचं. जड पोलादी ड्रम किंवा उभी तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवायची आणि साठलेली सगळी ऊर्जा एका टोल्यात समोरच्यावर ओतायची, हा आजचा हुकमी डाव. ब्रशलेस मोटरी आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्या हाताशी आल्यापासून तो अधिकच हुकमी झाला. पकडणारं शस्त्र त्या गर्दीत मागे पडलं. तरीही एखाददुसरा संघ जबडा घेऊन उतरतोच, आणि त्याने प्रतिस्पर्ध्याला खरोखर धरलं, उचललं आणि भिंतीशी नेऊन आदळलं की प्रेक्षक जागेवरून उठतात. मुंबईच्या आयआयटीत टेकफेस्टच्या वेळी 'रोबोवॉर्स' पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

जबड्याचा आकार कागदावर काढणं सोपं असतं. तो मिटवायचा कशाने, इथे संघ अडतात. तेलाच्या दाबाने, वायूच्या दाबाने, स्क्रूने, वर्म गिअरने, नुसत्या गिअरबॉक्सने, की छोट्या रोबोत सर्व्होने? प्रत्येक पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. चर्चा मात्र 'किती टन?' या एकाच प्रश्नाभोवती घोटाळते. माझ्या मते तो प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, जबडा मिटायला किती वेळ लागतो. दुसरा, मिटल्यावर मोटरचा प्रवाह तोडला तर तो मिटलेला राहतो का. टनांचं त्यानंतर पाहू.

टनांचं वेड लावलं ते 'रेझर'ने. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली 'रोबोट वॉर्स' स्पर्धा भरवली, आणि १९९८ पासून त्याच नावाची मालिका ब्रिटनमध्ये बीबीसीवर गाजली. तिच्या दुसऱ्या पर्वात इयन लुईस आणि त्यांच्या साथीदारांचा रेझर उतरला. पक्ष्यासारखी लांब वाकडी चोच, तिच्यामागे हायड्रॉलिक सिलिंडर, आणि टोकाशी अनेक टनांचा जोर असल्याचा दावा. समोरच्या रोबोच्या पत्र्यातून ती चोच सावकाश आत जाताना पाहणं हा वेगळाच अनुभव होता. पाचव्या पर्वात रेझर विजेता ठरला. त्याच मालिकेत आयोजकांचा स्वतःचा रोबो होता 'सर किलालॉट'. चेपलेल्या गाड्यांतून माणसं सोडवताना अग्निशमन दल जो हायड्रॉलिक कातरजबडा वापरतं, त्याच जातीचा जबडा त्याच्या हातात होता. एका पिढीच्या मनात तिथून 'पकड म्हणजे हायड्रॉलिक' हे समीकरण पक्कं झालं.

पण त्याच रेझरच्या सहाव्या पर्वातल्या अंतिम लढतीकडे लोक कमी पाहतात. समोर होता 'टॉर्नेडो', नुसता ठोकर मारणारा वेगवान रोबो. त्याच्या संघाने अंगाभोवती एक मोठी चौकट बसवली, म्हणजे चोच मिटली तरी मूळ अंगापर्यंत पोचणार नाही. रेझरचे टन जागच्या जागी राहिले आणि टॉर्नेडो जिंकला. जोर कितीही असो, तो योग्य जागी आणि योग्य वेळी लागला नाही तर तो फक्त वजन वाढवतो.

इथे चिरडणं आणि धरणं यांतला फरक ओळखायला हवा, कारण यंत्रणेची निवड त्यावरच ठरते. ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याला १० मिलिमीटरचं भोक पाडायचं तर परीघ, जाडी आणि धातूचा कातरताण यांचा गुणाकार करायचा. कातरताण दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटन धरला तर उत्तर येतं २८ हजार न्यूटन, म्हणजे २.९ टन. चोच टोकदार असेल तर सुरुवात कमी जोरात होते, पण ती जसजशी रुतते तसतसा जोर वाढवावाच लागतो. आता पत्र्याच्या जागी हार्डॉक्ससारखं ५ मिलिमीटरचं कडक पोलाद घ्या. कातरताण ८०० धरला तरी तेच भोक साडेबारा टनांच्या वर जातं. मोठ्या वजनगटांत आज असं पोलाद सर्रास दिसतं. चिरडणारे रोबो विरळ होण्यामागे फिरत्या शस्त्रांची फॅशन जितकी आहे, तितकंच हे पोलादही आहे.

धरण्याचा हिशेब अगदी निराळा. ६० किलोच्या गटातला प्रतिस्पर्धी जबड्याखाली पुढे आलेल्या काट्यांवर बसला आहे आणि वरचा जबडा त्याला दाबतो आहे, असं समजा. वजन काटे पेलतात. जबड्याचं काम एवढंच की झटके बसले तरी तो घसरून सुटू नये. घर्षणगुणांक ०.२, दोन बाजूंनी घर्षण, आणि वजनाच्या दुप्पट झटका धरला तर लागणारा दाब येतो सुमारे ३०० किलो. टन नव्हे, तीनशे किलो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा विचार त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' ही मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा पॉल व्हेंटिमिग्लिया यांच्या 'बाइट फोर्स'ने विजेतेपद मिळवलं. त्याच्या मूळ रचनेत धरून उचलणारा हात होता, चिरडणारा नव्हता. पुढे त्यांनी तो काढून उभा स्पिनर लावला आणि २०१८ व २०१९ ची अजिंक्यपदं त्याच्या बळावर मिळवली, हेही नोंदवायला हवं. पकडीची बाजू मांडताना ही गोष्ट दडवण्यात अर्थ नाही.

आता एकेक यंत्रणा. तेलापासून सुरुवात करू, कारण तिचं आकर्षण सर्वांत जास्त. ४० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात १५० बार दाब दिला की दट्ट्यावर १.९ टन जोर येतो. एवढ्या लहान आकारात एवढा जोर दुसरं काहीच देत नाही. शिवाय तेल जवळजवळ दबत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद केला की जबडा जागेवर कुलूपबंद. दुसऱ्या प्रश्नात हायड्रॉलिक सहज पास. पहिल्यात मात्र ते अडखळतं. १०० मिलिमीटर दट्ट्या एका सेकंदात हलवायचा तर सुमारे १२५ घनसेंटिमीटर तेल लागतं, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर प्रवाह, आणि तोही पूर्ण दाबाने हवा असेल तर पंपाची गळती नि घर्षण सोडून जवळपास १.९ किलोवॅट. यावर उपाय दोन टप्प्यांच्या पंपाचा. जबडा रिकामा मिटताना भरपूर तेल कमी दाबाने, आणि लोखंडाला लोखंड टेकलं की थोडं तेल जास्त दाबाने. हे जमलं तर हायड्रॉलिक पकड चपळही होते. पण मोटर, पंप, टाकी, व्हॉल्व्ह, नळ्या आणि तेल मिळून वजन १० किलोंच्या पुढे सहज जातं. १०० किलोच्या रोबोला ते परवडतं, १५ किलोच्या रोबोला नाही. त्यात तेलात कचरा गेला की व्हॉल्व्ह अडकतो, आणि एक नळी फुटली की आखाडा पुसत बसावं लागतं.

वायूची गोष्ट थोडक्यात आटोपते. १० बार दाबावर ६३ मिलिमीटरचा सिलिंडर सुमारे ३१८ किलो देतो, म्हणजे वरचा आकडा सिलिंडरपाशी तरी गाठला जातो. मिटण्याचा वेळ इतरांपेक्षा कितीतरी कमी. वायू दबतो, म्हणून समोरच्याचा पत्रा थोडा वाकला तरी जबडा त्याच्या मागे मागे जातो आणि दाब टिकून राहतो. हा गुण फार मोलाचा आहे आणि तो क्वचितच कोणी मोजतो. त्याच दबण्यामुळे मोठा झटका बसला की जबडा क्षणभर उघडतो, हा त्याचा दोष. बाटलीतला वायू संपत जातो आणि लढतीच्या शेवटी पकड ढिली पडते. कार्बन डायऑक्साइड भराभर वापरला तर रेग्युलेटर गोठतो. झटपट धरून लगेच फेकायचं असेल तर वायू उत्तम. धरून फिरवायचं असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

खरी चर्चा विजेच्या मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांची आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक संघ शेवटी तिथेच येतात.

त्यात पहिला मान स्क्रूचा. २० मिलिमीटर व्यास आणि ४ मिलिमीटर आट्याचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू घ्या. त्याच्या आट्यांची चढण चार अंशांच्या आसपास असते. पोलादी स्क्रू आणि ब्राँझच्या नटमधलं घर्षण याहून मोठा कोन देतं, म्हणून नट ढकलून स्क्रू उलटा फिरत नाही. गाडी उचललेली राहते आणि जॅकचा दांडा सोडून आपण चाक बदलू शकतो, ते याच कारणाने. या सुखाची किंमत अशी की कार्यक्षमता जेमतेम ३० टक्के. स्क्रूवर १० न्यूटन-मीटर पिळा दिला तर सुमारे ४८० किलोचा ओढा मिळतो. बॉल स्क्रू घेतला तर कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत जाते आणि ५ मिलिमीटर लीडवर तोच पिळा साडेअकराशे किलो देतो. पण बॉल स्क्रू उलटा फिरतो, त्याला ब्रेक लावावाच लागतो, आणि हातोड्यासारखे घाव बसले की त्यातल्या गोळ्या आपल्याच मार्गात खड्डे पाडतात. लढाऊ रोबोत मी साध्या स्क्रूच्या बाजूने आहे. लढत तीन मिनिटांची. तेवढ्यात घर्षणाने वाया गेलेली वीज बॅटरीला जड जात नाही.

इथे एक सापळा आहे आणि त्यात नवे संघ हटकून पडतात. थ्रीडी प्रिंटरमध्ये येणारा ८ मिलिमीटरचा स्क्रू बाजारात कुठेही मिळतो, म्हणून तोच उचलला जातो. त्यावर आट्यांच्या चार रांगा असतात. एका फेऱ्यात नट ८ मिलिमीटर सरकतो आणि चढण २० अंशांवर जाते. हा स्क्रू स्वतःला धरून ठेवत नाही. टेबलावर मोटर बंद केल्यावर जबडा मिटलेला दिसतो, कारण तिथे त्याला कोणी ओढत नसतं. आखाड्यात प्रतिस्पर्धी दोन हिसके देतो आणि जबडा उघडतो. स्क्रू घेताना व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर एवढंच पाहू नका. एका फेऱ्यात नट किती सरकतो ते बोटाने फिरवून मोजा.

स्क्रू मरतो तो मात्र जोराने नव्हे, वाकण्याने. जबडा बाजूला पिळवटला की नट तिरका होतो, आटे एका कडेला घासतात आणि मोटर अडते. म्हणून नट कधीही जबड्याला थेट बोल्ट करू नये. नटच्या दोन्ही बाजूंना आडव्या पिना देऊन तो डुलता ठेवावा, मोटरकडचं टोकही तसंच, म्हणजे जोर फक्त स्क्रूच्या लांबीत राहील. शक्यतो जबडा मिटताना स्क्रू ओढला जाईल अशी मांडणी करावी. बारीक लांब स्क्रू दाबाखाली धनुष्यासारखा वाकतो, ओढ्याखाली वाकत नाही. आणि नट व त्याच्या धारकाच्या मध्ये बेलव्हिल वॉशरांची चळत घालावी. या बशीसारख्या पोलादी स्प्रिंगा काही मिलिमीटर दबतात. जबडा टेकल्यावर मोटर एकदम भिंतीला धडकल्यासारखी थांबत नाही, प्रवाह हळूहळू चढतो आणि ठरलेल्या आकड्याला तो तोडता येतो. त्याहून मोठा फायदा पुढे मिळतो. समोरच्याचं कवच चेपलं, सरकलं, तरी स्प्रिंग साठवलेल्या जोराने जबडा आत ढकलत राहते. वायूचा जो गुण मी वर वाखाणला तो असा स्क्रूलाही देता येतो, तोही मूठभर वजनात. सगळ्या यंत्रणेत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

वर्म गिअरही स्वतःला धरून ठेवतो, जर वर्मवर एकच आटा असेल तर. आपल्याकडे त्याचा सोपा अवतार म्हणजे गाडीची वायपर मोटर. भंगार बाजारात ती सहज मिळते, स्वस्त असते, आणि ८ किलोच्या गटात पहिला जबडा तिच्यावर बांधायला हरकत नाही. आतलं चाक पुष्कळदा नायलॉनचं असतं, त्यामुळे जबड्याला बसलेला घाव थेट त्याच्या दोन-तीन दातांवर येतो. चाक ब्राँझचं असलं तरी तत्त्व तेच: स्क्रूत एकाच वेळी अनेक आटे भार वाहतात, वर्ममध्ये मोजकेच दात. मोठ्या गटात त्याच्यावर विसंबू नये.

नुसता प्लॅनेटरी गिअरबॉक्स लावून जबडा फिरवणं दिसायला सर्वांत सुटसुटीत. पण तो उलटा फिरतो. मग पकड टिकवायला मोटरला अडकलेल्या अवस्थेत प्रवाह देत राहावं लागतं, आणि ०.१ ओहमच्या वेटोळ्यातून १०० अँपिअर गेले की एक किलोवॅट उष्णता आतच निर्माण होते. दहा-पंधरा सेकंदांत मोटरचा वास येऊ लागतो. उचलण्याच्या हाताला हा गिअरबॉक्स चालेल, धरण्याच्या जबड्याला नाही. अगदी लहान गटांत, म्हणजे १५० ग्रॅमच्या रोबोत, सर्व्होला पर्याय नाही. तिथे धातूच्या दातांचा घ्यावा आणि हात व सर्व्हो यांत थोडा लवचिक दुवा ठेवावा, एवढंच.

जोडपट्ट्यांच्या टॉगल यंत्रणेबद्दल विद्यार्थी फार उत्साहाने बोलतात. लॉकिंग प्लायरमध्ये असते तीच ही रचना. पट्ट्या सरळ रेषेत येऊ लागल्या की थोड्या जोराने प्रचंड दाब मिळतो आणि रेषा ओलांडली की कुलूप बसतं. हे सगळं खरं आहे, पण पकडायच्या वस्तूची जाडी आधीच ठाऊक असेल तरच. एक प्रतिस्पर्धी ९० मिलिमीटर उंचीचा, दुसरा २२० चा. टॉगलचा सरळ बिंदू एकाच जाडीला येतो. बाकी सगळीकडे तो साधा दांडा असतो, तोही नाजूक बिजागऱ्यांचा. प्लायरला मागे जाडी जुळवणारा स्क्रू असतो तो याचसाठी. आखाड्यात तो फिरवायला कोणी येत नाही.

यंत्रणा ठरली तरी काम संपत नाही, कारण तिचा जोर टोकापर्यंत पोचताना दांड्याचं गुणोत्तर त्याला खातं. स्क्रूचे ४८० किलो १ ला ३ अशा दांड्यावर टोकाला १६० च उरतात. १ ला दीड ठेवलं तर ३२० मिळतात, आपल्या तीनशेच्या पुढे. मात्र २२५ मिलिमीटर उघडणाऱ्या जबड्याला मग १५० मिलिमीटर स्क्रू चालवावा लागतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांनी तो सेकंदाला १०० मिलिमीटर सरकतो, म्हणजे दीड सेकंद. सेकंदाला ५ मीटर पळणारा प्रतिस्पर्धी दीड सेकंद थांबत नाही. यावरचा तोडगा चालकाच्या हातात आहे: लढतीआधी समोरच्याची उंची मोजा, जबडा त्याहून २० मिलिमीटर वर ठेवून फिरा, आणि काटे त्याच्या खाली शिरले की तेवढंच अंतर मिटवा. मग तोच संथ स्क्रू पाव सेकंदाच्या आत धरतो.

जबडा जेवढ्याने दाबतो तेवढ्यानेच सांगाडा उघडू पाहतो. २ टन टोकाला आणि ते टोक बिजागरीपासून ४०० मिलिमीटरवर, तर सांगाड्यावर ८ हजार न्यूटन-मीटरचा पिळा येतो. चिरडणाऱ्या रोबोत सिलिंडरपेक्षा सांगाडाच जास्त वजन खातो ते यामुळे. धरणाऱ्या रोबोची अडचण वेगळी, उलटण्याची. ६० किलोचा तुमचा रोबो, गुरुत्वमध्य पुढच्या टेकूपासून २५० मिलिमीटर मागे. ६० किलोचा प्रतिस्पर्धी उचलला, त्याचा मध्य टेकूच्या ३०० मिलिमीटर पुढे. तुम्हीच तोंडावर पडणार. जमिनीला टेकून राहणारे दोन पाय १०० मिलिमीटर पुढे काढले की हिशेब ३५० विरुद्ध २०० होतो आणि रोबो उभा राहतो. हे पाय काट्यांपासून वेगळे हवेत, कारण काटे उचलताना वर जातात. आणि जमलं तर उलटल्यावर सरळ होण्याचं कामही याच हाताकडून करून घ्यावं. रेझर हात मागे टाकून उभा राहत असे.

नियमांचं वाचन शेवटी ढकलू नका. पकडून ठेवण्याच्या वेळेला मर्यादा असते आणि ती स्पर्धेगणिक बदलते. वेळ संपल्यावर सोडता आलं पाहिजे, म्हणजे अडकलेला स्क्रू उलटा फिरवण्याइतका जास्तीचा पिळा मोटरकडे राखून ठेवायला हवा. घट्ट बसलेला ट्रॅपेझॉइडल स्क्रू सोडताना हे प्रकर्षाने जाणवतं. तेल आणि वायूला दाबाची कमाल मर्यादा आणि सुटका व्हॉल्व्ह यांची अट असते. आखाड्याबाहेर जबड्याला पिन लावून कुलूप घालण्याची सोय तर प्रत्येक यंत्रणेत हवी. बोटांचं हाड ३०० किलोंना पुरत नाही.

१०० किलोच्या आसपासचा गट असेल, संघात तेलाची जाण असलेलं कोणी असेल आणि चिरडायचंच असेल, तर दोन टप्प्यांचा पंप घेऊन हायड्रॉलिक बांधा. ८ ते ६० किलोपर्यंत, पहिल्यांदा पकड बांधणाऱ्या कोणत्याही संघाला माझं सांगणं एकच राहील: एक रांगेचा ट्रॅपेझॉइडल स्क्रू, डुलता ब्राँझ नट, मागे वॉशरांची चळत, आणि प्रवाह मोजून तोडणारा कंट्रोलर. स्क्रू आणि नट मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हातात घेऊन पाहता येतात. तिथे जाताना स्केल बरोबर न्या आणि एका फेऱ्यात नट किती सरकतो ते दुकानातच मोजा.